दिसणे, हुशारी आणि मोजणाऱ्याचा डोळा

२०११ साली ‘इंटेलिजन्स’ या नियतकालिकात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सातोशी कानाझावा यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेणाऱ्या एका पाहणीतील माहिती त्यांनी वापरली होती. त्या माहितीवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, देखण्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरीने १२.४ गुणांनी अधिक असतो. बुद्ध्यंकाच्या मोजपट्टीवर प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीच्या आसपास किती पसरलेले असतात याचे माप, १५ गुणांचे धरले जाते, हे लक्षात घेतले तर हा फरक किती मोठा आहे हे ध्यानात येईल. दिसणे आणि बुद्धी यांच्यातील सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) त्यांनी ०.३८ इतका नोंदवला. माणसाच्या शरीराचा एखादा गुण आणि बुद्धी यांच्यात इतका घट्ट संबंध क्वचितच आढळतो.

मी पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवते. हा आकडा मोबाइलवरून फिरत फिरत कधी ना कधी वर्गात येतोच, आणि ‘मॅडम, हे खरे आहे का’ असा प्रश्न बहुधा तास संपल्यावर, इतर मुले बाहेर पडल्यानंतर विचारला जातो. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. ज्या वयात तो विचारला जातो त्या वयात आरशाचा आणि गुणपत्रिकेचा जाच एकाच वेळी चालू असतो, आणि या दोन्हींचा निकाल मुळात एकच असल्याचे कोणी विज्ञानाच्या नावाने सांगितले, तर त्या मुलामुलींच्या मनावर त्याचे ओझे राहते. वर्गाबाहेरच्या पाच मिनिटांत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

त्या आकड्याबद्दल पहिला प्रश्न असा विचारायला हवा की, मुलांचे दिसणे मोजले कोणी? ते त्यांच्या शिक्षकांनी मोजले होते. मूल सात वर्षांचे असताना आणि पुन्हा अकरा वर्षांचे झाल्यावर, त्याच्या शिक्षकांना पाच वर्णनांची एक यादी देऊन त्यांतील लागू पडणारी निवडायला सांगितले होते. त्यांत ‘आकर्षक’ आणि ‘अनाकर्षक’ ही वर्णने होती, आणि त्यांच्याच जोडीला ‘अन्न पुरेसे मिळत नसावे असा दिसणारा’, ‘काही शारीरिक व्यंग असलेला’ आणि ‘गबाळा व अस्वच्छ’ हीसुद्धा होती. दोन्ही वेळा ज्यांना ‘आकर्षक’ म्हटले गेले ती मुले देखणी ठरली, आणि त्यांचे प्रमाण ६२ टक्के होते. म्हणजे येथे देखणेपणाचा अर्थ दुर्मीळ सौंदर्य असा नाही. नीटनेटक्या, पोटभर जेवलेल्या, शिक्षकांच्या मनात भरलेल्या मुलांचा तो बहुसंख्य गट आहे. शिवाय वर्णन करणारी व्यक्ती त्या मुलाला रोज शिकवत होती. कोणते मूल चटकन उत्तर देते, कोणाचा गृहपाठ अपुरा राहतो, कोणाला वाचताना अडखळायला होते, हे सारे त्या व्यक्तीला ठाऊक होते. अशा शिक्षकाला ‘हे मूल दिसायला कसे आहे’ असे विचारल्यावर जे उत्तर मिळते, त्यात मुलाची हुशारी आणि त्याच्या घरची परिस्थिती आधीच मिसळलेली असते. मग त्या उत्तराचा बुद्ध्यंकाशी मेळ बसला तर त्यात नवल ते काय? आकडेमोड बरोबर असेल. पण तिने जे मोजले त्याला मुलांचे रूप म्हणता येत नाही.

त्याच निबंधात अमेरिकेतील किशोरवयीन मुलांच्या एका मोठ्या पाहणीचेही आकडे आहेत. तेथे देखणेपणाची नोंद शिक्षकांऐवजी घरी येऊन मुलाखत घेणाऱ्या अनोळखी व्यक्तींनी केली होती, आणि सहसंबंध ०.३८ वरून ०.१३ च्या आसपास घसरला. मुलाला ओळखणारा माणूस बाजूला होताच संबंधाचा दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. जो उरला तोही निर्भेळ मानता येत नाही, कारण या मुलाखतकारांनी ती नोंद मुलाशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यानंतर केली होती. अशा नोंदींना वस्तुनिष्ठ मोजमाप मानण्याचा परिणाम काय होतो, हे त्याच वर्षी दिसून आले. कानाझावा यांनी याच अमेरिकी पाहणीतील मुलाखतकारांच्या नोंदींवर विसंबून कृष्णवर्णीय स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा कमी आकर्षक असतात, असे सांगणारा लेख एका संकेतस्थळावर लिहिला. त्यावर मोठा गदारोळ झाला, लेख काढून टाकण्यात आला, आणि त्यांच्या संस्थेने त्यांना वर्षभर तज्ज्ञांच्या तपासणीविना कोठेही लिहिण्यास मनाई केली. पाहणाऱ्याच्या नजरेतील पूर्वग्रह पाहिल्या जाणाऱ्याच्या चेहऱ्याचा गुणधर्म म्हणून मांडला गेला, ही त्या लेखातील चूक होती, आणि तीच चूक सौम्य रूपात बुद्ध्यंकाच्या आकड्यातही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चूक नवी नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० साली ती दाखवून दिली होती. सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली गुण दिले होते. हे गुण परस्परांपासून स्वतंत्र असायला हवे होते. पण शरीरयष्टीचा बुद्धीशी सहसंबंध ०.३१ आणि नेतृत्वाशी ०.३९ निघाला. इतका मेळ खऱ्या आयुष्यात असणे शक्य नाही, तो गुण देणाऱ्याच्या मनात तयार होतो, असे थॉर्नडाइक यांनी म्हटले. एखाद्या माणसाविषयी एकंदर चांगले मत झाले की त्याच्या प्रत्येक गुणावर त्या मताचा उजेड पडतो. आज आपण ज्याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतो तो हाच.

या विषयावरील ज्या प्रयोगापाशी मला सर्वाधिक थांबावेसे वाटते तो डेव्हिड लँडी आणि हॅरॉल्ड सिगॉल यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. साठ महाविद्यालयीन तरुणांना दूरदर्शनचा समाजावर होणारा परिणाम या विषयावरचा एक निबंध तपासायला दिला होता. निबंध दोन प्रकारचे होते, एक चांगला लिहिलेला आणि दुसरा ढिसाळ. काहींच्या हातातील निबंधाला तो लिहिणाऱ्या मुलीचे म्हणून एका देखण्या मुलीचे छायाचित्र जोडले होते, काहींच्या निबंधाला रूपाने उण्या समजल्या जाणाऱ्या मुलीचे, आणि काहींच्या निबंधाला छायाचित्रच नव्हते. चांगल्या निबंधाच्या बाबतीत फरक पडला, पण बेताचा: नऊपैकी ६.७ आणि ५.९. ढिसाळ निबंधाच्या बाबतीत मात्र देखण्या चेहऱ्याला ५.२ गुण मिळाले, आणि तोच निबंध, तीच वाक्ये, त्याच चुका असताना दुसऱ्या चेहऱ्याला २.७. छायाचित्र नसलेल्या ढिसाळ निबंधाला ४.७ गुण होते.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. देखणेपणाने मिळालेला वरचा लाभ अर्ध्या गुणाचा होता. देखणे नसण्याची शिक्षा दोन गुणांची होती. आपण नेहमी देखण्यांना मिळणाऱ्या झुकत्या मापाबद्दल बोलतो, पण येथे जास्त अन्याय दुसऱ्या टोकाला झाला आहे. आणि तो कोणाच्या वाट्याला आला? जिचे काम आधीच कच्चे आहे, जिला समजून घेऊन शिकवण्याची गरज सर्वांत जास्त आहे, तिच्या. देखण्या मुलीची चूक ही त्या दिवसाची चूक मानली जाते, तर दुसरीची चूक तिच्या बुद्धीचा पुरावा ठरते. शिक्षकी पेशातील माणसाने हा निष्कर्ष विसरू नये असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष शिक्षकांवर केलेला प्रयोग त्याआधी एक वर्ष, १९७३ साली, मार्गारेट क्लिफर्ड आणि इलेन वॉल्स्टर यांनी केला होता. अमेरिकेतील मिसूरी राज्यातील शिक्षकांना पाचवीतल्या मुलाचे प्रगतिपुस्तक पाठवले होते. गुण सर्वांना एकच. बदलत होते ते वर चिकटवलेले छायाचित्र. देखण्या मुलाचा बुद्ध्यंक जास्त असेल, तो पुढे अधिक शिकेल, एवढेच नव्हे तर त्याच्या आईवडिलांना त्याच्या शिक्षणात अधिक रस असेल, असाही अंदाज शिक्षकांनी केला. पुढे १९९१ साली ॲलिस ईगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की लोक देखण्या माणसाला मिळूनमिसळून वागण्यात बरेच वरचे स्थान देतात, बुद्धीच्या बाबतीत मध्यम, आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे सौंदर्याला भुलूनही आपण देखण्या माणसाला सचोटीचा मानत नाही. हुशार मात्र मानतो.

आता प्रत्यक्ष बुद्धीकडे येऊ. १९९२ साली ॲलन फाइनगोल्ड यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दिसणे आणि बुद्धी यांच्यातील संबंध शून्याच्या जवळपास असल्याचे आढळले. त्यानंतरचा, माझ्या मते सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास २०१५ सालचा आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील सुमारे १७५० जुळ्या व्यक्ती आणि त्यांच्या भावंडांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली आणि त्यांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे त्यांना अजिबात न ओळखणाऱ्या लोकांना दाखवून गुण घेतले गेले. रूप मोजणाऱ्याला बुद्धी ठाऊक नाही आणि बुद्धी मोजणारी चाचणी रूप पाहत नाही, अशी ही मांडणी होती. जुळी माणसे घेतल्यामुळे, दोन्ही गुण आनुवंशिकतेतून एकत्र येतात का हेही तपासता आले. संबंध सापडला नाही. आनुवंशिक पातळीवरही नाही. हुशार पुरुष आणि देखण्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या परस्परांची निवड करत आल्यामुळे रूप आणि बुद्धी एकाच वंशात साचत जातात, हा कानाझावा यांचा जुना सिद्धान्त ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. तो खरा असता तर तो याच अभ्यासात दिसायला हवा होता.

२०१६ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी शंभर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांना अनोळखी लोकांकडून गुण मागितले. जो चेहरा देखणा वाटला तोच बुद्धिमान आणि मेहनतीही वाटला. त्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शैक्षणिक कामगिरीशी मात्र देखणेपणाचा संबंध नव्हता.

तरीही एक बारकावा नोंदवला नाही तर मी माझ्या बाजूचे तेवढेच सांगितले असे होईल. लेस्ली झेब्रोविट्झ आणि जिलियन रोड्स यांनी २००४ साली असे दाखवले की, चेहऱ्यांची क्रमवारी लावली तर खालच्या अर्ध्या भागात दिसणे आणि बुद्धी यांच्यात थोडा संबंध आढळतो, वरच्या अर्ध्या भागात तो आढळत नाही. गर्भावस्थेतील आणि बालपणातील काही गंभीर आजारांचा परिणाम चेहऱ्यावर आणि मेंदूच्या वाढीवर, दोन्हींवर होतो. त्यामुळे अगदी खालच्या टोकाला हे दोन्ही एकत्र दिसू शकतात. सर्वसाधारण दिसणारा आणि अतिशय देखणा यांच्यात बुद्धीचा फरक नसतो. तरी आपण त्या लहानशा भागातील अनुभव पुढे सगळ्या चेहऱ्यांवर लादतो. यात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ज्या भागात संबंध आहे, तोही सौंदर्यामुळे नाही, त्याचे मूळ आजारात आहे. पोषण, लसीकरण आणि गरोदर स्त्रियांची काळजी यांनी तो कमी करता येतो.

चेहऱ्यावरून बुद्धी वाचण्याच्या खटाटोपाला आपल्या देशात एक वेगळाच इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी लोकांच्या नाकांची मापे घेऊन असे विधान केले होते की, जातीचे सामाजिक स्थान तिच्या लोकांच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. नाक जितके सरळ आणि निमुळते, तितकी जात वरची, आणि जात जितकी वरची तितके बुद्धीचे श्रेय तिला आधीच दिलेले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली या मांडणीची चिकित्सा केली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली नाकांच्याच मापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत ही कल्पना खोडून काढली. ज्या मापांनी माणसांची उतरंड रचली होती, तीच मापे नीट वाचली तर ती उतरंड टिकत नाही, हे त्यांनी दाखवले.

या संदर्भात इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील काम मराठी वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. १९२७ साली त्या तेथे गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमानतेवर, म्हणजे तिच्या उजव्या आणि डाव्या बाजूंतील फरकावर, डॉक्टरेट केली. युरोपीय माणसाच्या कवटीच्या पुढील भागात उजव्या बाजूला जी असमानता असते, तिचा त्याच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी संबंध असावा, अशी फिशर यांची धारणा होती. पुढे नाझी वंशशास्त्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले तेच हे फिशर. वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजून झाल्यावर या तरुण भारतीय विद्यार्थिनीने असा निष्कर्ष लिहून दिला की, असमानता आणि वंश यांचा संबंध दिसत नाही. ज्यांच्या हाती आपली पदवी आहे त्यांच्या सिद्धान्ताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत, हातातील मापे सांगतात तेवढेच लिहिणे, याला केवढे धैर्य लागले असेल! मला तर प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना मोजमापाचा प्रामाणिकपणा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

नाके आता कोणी मोजत नाही. तरीही शिक्षकांच्या खोलीत नव्या वर्गाविषयी बोलणे निघते तेव्हा ‘ती पहिल्या बाकावरची तरतरीत मुलगी’, ‘चेहऱ्यावरच हुशारी दिसते’, ‘तो मागचा अगदीच मठ्ठ दिसतो’ अशी वाक्ये पहिली चाचणी होण्याच्या आधीच ऐकू येतात. ज्यांना आपण तरतरीत म्हणतो त्यांचा रंग बहुतेक वेळा उजळ असतो, कपडे इस्त्रीचे असतात, केस नीट कापलेले असतात, आणि बोली प्रमाणभाषेच्या जवळची असते. एसटीने पहाटे गाव सोडून दोन गाड्या बदलून येणारा, उन्हात राबून रापलेला मुलगा पहिल्या तासाला दमलेला दिसतो. त्या थकव्याला आपण मठ्ठपणा म्हणतो. १९५८ च्या त्या ब्रिटिश मुलांच्या यादीत ‘अन्न पुरेसे मिळत नसावे’ आणि ‘अनाकर्षक’ ही वर्णने एकाच प्रश्नाची उत्तरे होती, याची मला अशा वेळी आठवण होते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. मॅडलिन हाइलमन आणि लोइस सारुवातारी यांनी १९७९ साली दाखवले की, कारकुनी कामासाठी देखण्या स्त्रीला पसंती मिळते, पण व्यवस्थापकाच्या पदासाठी तिचे रूप तिच्या आड येते. पुरुषांचे तसे होत नाही. म्हणजे उण्या रूपाच्या मुलीला ‘मंद’ आणि देखण्या मुलीला ‘शोभेची बाहुली’ ठरवले जाऊ शकते, आणि दोघींपैकी कोणालाही आपल्या कामावरून ओळखले जाण्याची खात्री नसते.

रूपाचा बुद्धीशी संबंध नाही, पण रूपाविषयीच्या समजुतीचा आयुष्याशी संबंध आहे, हे मार्कुस मोबियस आणि तान्या रोझेनब्लॅट यांच्या २००६ सालच्या प्रयोगात फार नेमकेपणाने दिसते. अर्जेंटिनातील काही विद्यार्थ्यांना संगणकावर चक्रव्यूहासारखी कोडी सोडवण्याचे काम दिले होते, आणि काहींनी मालकाची भूमिका घेऊन कोण किती कोडी सोडवील याचा अंदाज करून मोबदला ठरवायचा होता. देखण्या लोकांनी इतरांपेक्षा जास्त कोडी सोडवली नाहीत. मालकांनी मात्र त्यांच्याकडून जास्त अपेक्षा धरली, आणि विशेष म्हणजे ज्या मालकांनी चेहरा पाहिलाच नव्हता, केवळ फोनवर बोलणे केले होते, त्यांनीही देखण्या लोकांना जास्त मोबदला देऊ केला. आयुष्यभर लोक आपले म्हणणे लक्ष देऊन ऐकत आले की माणसाच्या बोलण्यात ठामपणा येतो, आणि मग तो ठामपणा चेहरा न दाखवताही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. माझ्या तोंडी परीक्षांमध्ये जी मुले उत्तर येत असूनही तोंड उघडत नाहीत, त्यांचे गप्प राहणे मी याच प्रयोगाच्या संदर्भात समजून घेऊ लागले आहे.

स्वीडनमध्ये साथीच्या काळात वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा लुंड येथील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास झाला. गणिती विषयांत दिसण्याचा आधीही फारसा परिणाम नव्हता. ज्या विषयांत शिक्षकाशी संवाद आणि शिक्षकाचा निर्णय महत्त्वाचा असतो तेथे होता. प्रत्यक्ष वर्ग बंद झाल्यावर देखण्या विद्यार्थिनींचा लाभ नाहीसा झाला. देखण्या मुलांचा मात्र कायम राहिला, आणि त्याचे एक कारण वरच्या प्रयोगातील ठामपणात असू शकते.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका बारकोड लावून तपासल्या जातात, आणि तपासणाऱ्याला नाव, गाव, चेहरा काहीच कळत नाही. त्या पद्धतीवर आपण इतर कारणांनी पुष्कळ टीका करतो. पण या एका बाबतीत ती निर्दोष आहे आणि तिचे मोल आपण ओळखायला हवे. लेखी परीक्षेपुढे मात्र हे कवच संपते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ गुण समोरासमोरच्या मुलाखतीचे असतात, आणि निवड अनेकदा मोजक्या गुणांवर ठरते. आमच्या महाविद्यालयांत तोंडी परीक्षा, सादरीकरण आणि प्रकल्प यांचे गुण असतात, जेथे विद्यार्थी समोर उभा असतो. तोंडी परीक्षा बंद करावी असे मी म्हणणार नाही, कारण काही क्षमता बोलण्यातूनच कळतात. पण सर्वांना एकाच क्रमाने तेच प्रश्न विचारणे, प्रत्येक उत्तराचे गुण त्या उत्तरापाशीच लिहून टाकणे, दोन परीक्षकांनी आपसांत बोलण्याआधी आपापले आकडे वेगवेगळ्या कागदांवर नोंदवणे, आणि प्रकल्पाचा लेखी अहवाल विद्यार्थ्याला भेटण्यापूर्वी नावाचे पान झाकून तपासणे, एवढे तर कोणत्याही विभागाला खर्चाविना करता येते. आमच्या विभागात यांतील पहिल्या दोन गोष्टी आम्ही पाळतो. वेगवेगळ्या कागदांची गोष्ट अजून सर्वांना पटलेली नाही, आणि येत्या सत्रात ती पुन्हा बैठकीत मांडण्याचे मी ठरवले आहे.